बर्फ पडून तीन दिवस झाले, आता उतार ओलांडायला हरकत नाही ना?

प्रश्न थोडक्यात असा: चौघांचा गट आहे, चौघांनाही बर्फात चालायची बऱ्यापैकी सवय आहे, आणि भर हिवाळ्यात एक खिंड ओलांडून पलीकडे जाऊन त्याच दिवशी परत यायचं आहे. तीन दिवसांपूर्वी सुमारे चाळीस सेंटिमीटर बर्फ पडला, त्यानंतर आकाश निरभ्र आणि थंडी कडक. खिंडीखालच्या उतारावर कुणाच्या तरी पावलांची वाट उमटलेली दिसते. विचारणाऱ्याला तीन गोष्टी हव्या आहेत. बर्फ पडल्यावर किती दिवस थांबावं, आधी कुणी गेलंय म्हणजे उतार पक्का धरायचा का, आणि एकेक करून ओलांडलं तर चालेल का.

दिवसांचा आकडा मी देणार नाही. दुसऱ्या कुणी ठामपणे दिला, तरी त्यावर विसंबू नका. मी हिवाळ्यात गट घेऊन डोंगरात जातो, बर्फातला प्रवास शिकवतो, आणि हाच प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो. त्यामागची समजूत अशी की बर्फ पडला की धोका वाढतो आणि मग दिवसागणिक आपोआप कमी होत जातो. एका प्रकारच्या धोक्यापुरतं ते खरं आहे. बाकीच्यांचं वेळापत्रक अगदी वेगळं असतं. म्हणून विचारायचं ते हे: ताज्या बर्फाखाली काय दडलंय, वाऱ्याने तो बर्फ उचलून कुठे नेऊन टाकलाय, आणि उतार निसटलाच तर माणूस कुठे जाऊन पडेल?

तुमचा उतार मी पाहिलेला नाही. त्याची दिशा, उंची, कोन, आधीच्या महिन्यात तिथे किती बर्फ होता, यातलं काहीच मला ठाऊक नाही, आणि उत्तर बरंचसं त्यावरच ठरतं. तेव्हा मी विचार कसा करतो ते सांगतो, तुमचा उतार तुम्ही त्यात बसवून पाहा.

आधी हिमस्खलन होतं कसं ते पाहू. माणसं ज्यात सापडतात ती बहुतेक स्खलनं स्लॅबची असतात. वर एकमेकांना धरून असलेला, जरा घट्ट थर, म्हणजे स्लॅब. त्याच्या खाली कच्चा थर. आणि त्याखाली जुना बर्फ. तुमच्या वजनाने कच्चा थर एका ठिकाणी चिरडला की तो तडा आडवा धावत सुटतो आणि क्षणार्धात सगळा उतार खालच्या थरापासून सुटा होतो. भेग तुमच्या पायाशीच पडते असं नाही. ती बहुतेकदा तुमच्या वर, बरीच लांब उघडते, आणि तेव्हा तुम्ही सरकणाऱ्या बर्फाच्या मधोमध असता. जीवघेण्या अपघातांतल्या बहुसंख्य घटनांमध्ये स्खलन सुरू होतं ते सापडलेल्या माणसाच्या किंवा त्याच्याच सोबत्याच्या वजनाने. म्हणून 'तीन दिवसांत हा उतार आपणहून कोसळला नाही' यावरून फारसं काही सिद्ध होत नाही. स्वतःचं वजन त्याने पेललं, एवढंच त्यातून कळतं.

आता एकेक धोका आणि त्याचं वेळापत्रक.

पहिला धोका नुसत्या ताज्या बर्फाचा. पडत असताना आणि थांबल्यावर पहिले एक-दोन दिवस तो सर्वांत जास्त असतो. मग बर्फ स्वतःच्या भाराने दबतो, कण एकमेकांना चिकटतात आणि थर बसत जातो. इथे थांबण्याला खरोखर अर्थ आहे. पण किती बर्फ म्हणजे जास्त, हे परिस्थितीवर आहे. वारा नसेल आणि खालचा पृष्ठभाग खडबडीत असेल, तर तीस ते साठ सेंटिमीटर पडेपर्यंत निभावतं. जोराचा वारा, कडाक्याची थंडी आणि खाली गुळगुळीत कडक कवच असेल, तर दहा-वीस सेंटिमीटरही पुरतात. शिवाय कडक थंडीत बर्फ बसायला वेळ लागतो. तुमच्याकडे बर्फानंतर थंडी टिकून आहे, म्हणजे हे तीन दिवस उबदार तीन दिवसांइतके कामाचे नाहीत.

दुसरा धोका वाऱ्याचा, आणि निरभ्र आकाश सगळ्यात जास्त फसवतं ते इथे. सुटा बर्फ उचलायला ताशी वीस-पंचवीस किलोमीटरचा वारा पुरतो. वाऱ्याच्या तोंडावरचा उतार खरवडला जातो आणि तो सगळा माल धारेच्या पलीकडे, आडोशाच्या बाजूला साचतो, आभाळातून पडला असता त्याच्या कितीतरी पट वेगाने. म्हणजे तीन दिवस एक कणही पडला नसला, तरी आडोशाच्या उतारावर कालच नवा स्लॅब तयार झालेला असू शकतो. तो ओळखण्याच्या खुणा आहेत. धारेवरून बर्फाचा धुरळा उडताना दिसतो का? धारेच्या कडेला पुढे आलेला बर्फाचा छज्जा कोणत्या बाजूला झुकलाय? ज्या बाजूला झुकला असेल, तीच साठ्याची बाजू. त्या उताराच्या कडेला पाय टाकल्यावर बर्फ पोकळ वाजतो का, बुटाच्या टोकापासून भेगा पळत सुटतात का? असं काही दिसलं तर तिथून मागे फिरायचं. हा स्लॅब साधारणपणे काही दिवसांत बसतो, पण ते दिवस मोजायचे वारा थांबल्यापासून. बर्फ थांबला तो दिवस इथे धरायचा नाही.

तिसरा धोका जुन्या कच्च्या थरांचा. यावर जरा सविस्तर बोलतो, कारण 'तीन दिवस झाले' या भरवशावर निघालेला माणूस बहुतेक करून इथेच अडकतो.

बर्फाच्या तळाशी, जमिनीलगत, तापमान शून्याच्या आसपास राहतं. वरचा पृष्ठभाग निरभ्र रात्री खूप थंड होतो. आता समजा बर्फ एकूण अर्धा मीटरच आहे आणि पृष्ठभाग उणे दहा अंशांवर गेलाय. म्हणजे अर्ध्या मीटरमध्ये दहा अंशांचा फरक, मीटरला वीस. दर दहा सेंटिमीटरला एक अंशापेक्षा जास्त फरक पडायला लागला, की खालच्या कणांची वाफ वर सरकत राहते आणि एकमेकांना धरून असलेल्या कणांचे टोकदार, सुटे दाणे होतात. हातात घेतले तर जाड साखरेसारखे ओघळून जातात, मुठीत दाबून गोळा होत नाही. म्हणजे पातळ बर्फ आणि सलग थंडी या जोडीने बर्फ घट्ट होण्याऐवजी आतून पोखरला जातो. 'थंडी मस्त पडली आहे, सगळं कडक झालं असेल' हे वाक्य मी दर हंगामात ऐकतो, आणि पातळ बर्फाच्या जागी ते अगदी उलटं असतं.

कच्चा थर तयार होण्याची दुसरी एक वाट म्हणजे पृष्ठभागावरचा तुषार. निरभ्र, शांत, दमट रात्री बर्फावर पिसासारखे चमचमते स्फटिक उगवतात. दिसायला फार सुंदर. पृष्ठभागावर आहेत तोवर निरुपद्रवी. पण त्यावर नवा बर्फ पडून ते गाडले गेले, की तोच अतिशय नाजूक थर होतो आणि कित्येक आठवडे तसाच टिकतो. तळाशी तयार झालेले दाणे तर कधीकधी हंगाम संपेपर्यंत सुधारत नाहीत. या धोक्याला तीन दिवस काय आणि तेरा दिवस काय, सारखेच.

या थराची सर्वांत वाईट गोष्ट म्हणजे तो लांबूनही तुटतो. उताराच्या पायथ्याशी सपाटीवर चालताना 'वुम्फ' असा दबका आवाज येतो, पायाखालचा बर्फ किंचित खचतो, आणि वरचा उतार निसटू शकतो. तो आवाज म्हणजे कच्चा थर तुमच्या पायाखाली आत्ता कोसळला. तो ऐकल्यावर त्या दिवशी त्या दिशेच्या, तेवढ्याच उंचीवरच्या कुठल्याही तीव्र उतारावर मी गट नेत नाही. गटातल्यांनी कितीही समजूत घातली तरी नाही.

चौथा, ओल्या बर्फाचा धोका, दिवसांत मोजायचाच नसतो, तो तासांचा आहे. ऊन किंवा पाऊस लागला की पाणी आत मुरतं आणि बंध सुटतात. पूर्वेकडचे उतार आधी तापतात, पश्चिमेकडचे दुपारनंतर. उतारावरून बर्फाचे गोळे आपोआप गडगडू लागले, किंवा सकाळी कडक लागलेल्या बर्फात पाय घोट्याच्या वर रुतू लागला, की वेळ संपली. भर हिवाळ्यात हे कमी, ऋतू बदलताना जास्त. पण रात्र ढगाळ गेली असेल तर बर्फ गोठतच नाही, आणि मग पहाटे लवकर निघण्याचाही उपयोग होत नाही.

तर वेळापत्रकं अशी आहेत: नुसता ताजा बर्फ एक-दोन दिवस, थंडीत थोडे जास्त, वाऱ्याचा साठा वारा थांबल्यावर काही दिवस, जुना कच्चा थर आठवडे ते महिने, ओला बर्फ तासांच्या हिशोबाने. यातलं तुमच्याकडे काय आहे ते ओळखल्याशिवाय 'किती दिवस' याला उत्तर नाही.

आता त्या पावलांच्या वाटेबद्दल. कुणीतरी गेलंय हे पाहून मनाला फार दिलासा मिळतो, आणि तो दिलासाच घातक ठरू शकतो. हिमस्खलनांचे अभ्यासक इयन मॅकॅमन यांनी अमेरिकेतल्या १९७२ ते २००३ या काळातल्या ७१५ अपघातांचा अभ्यास करून दाखवलं होतं, की ओळखीची जागा, मुक्कामाला पोहोचायचा हट्ट, दुसऱ्यांचं अनुकरण अशा गोष्टींमुळे माणसं समोर दिसणाऱ्या खुणांकडेही दुर्लक्ष करतात. बर्फाच्या बाजूने पाहिलं तर कारण साधं आहे. स्लॅबची जाडी सगळीकडे सारखी नसते. जिथे तो जाड आहे तिथे माणसाचं वजन कच्च्या थरापर्यंत पोहोचतच नाही. जिथे तो पातळ आहे, एखाद्या अर्धवट गाडलेल्या खडकाशेजारी किंवा उताराच्या कडेला, तिथे एक पाऊल पुरतं. पहिले तिघे जाड भागावरून सुखरूप जातात, चौथा दोन हात बाजूने जातो आणि नेमका तिथे पाय देतो. शिवाय ते ठसे कधीचे? पहाटे कडक गोठलेल्या बर्फावरचे की भर दुपारचे? वारा सुटायच्या आधीचे की नंतरचे? ठशांवरून एवढंच कळतं की कोणे एके वेळी कुणीतरी गेलं.

खड्डा खणून बर्फ तपासण्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगतो, कारण पुढचा प्रश्न तोच येतो. जिथे जायचंय त्याच दिशेचा आणि साधारण तेवढ्याच उंचीवरचा, पण छोटा आणि सुरक्षित उतार निवडायचा. खड्डा खणून भिंत सरळ कापायची. मग हातमोजा घातलेला हात भिंतीत वरून खाली दाबत यायचं: कुठे फक्त एक बोट शिरतं, कुठे चार, कुठे अख्खी मूठ. वर एक बोटही मुश्किलीने शिरतंय आणि त्याखाली मूठ अचानक आत गेली, तर तो थर तिथेच आहे. त्यानंतर उतारावर आडवा नव्वद सेंटिमीटर रुंद आणि आत तीस सेंटिमीटर असा खांब चारही बाजूंनी सुटा कापायचा. एका टोकावर फावड्याचं पातं आडवं ठेवून त्यावर हाताने ठोके द्यायचे, दहा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. तडा एका टोकाला पडून तिथेच थांबला तर एक गोष्ट. पण तो नव्वद सेंटिमीटर पार करून सगळा खांबच सरकला, तर उतारावरही तडा असाच धावू शकतो.

ही चाचणी मी 'नाही' म्हणण्यासाठी वापरतो. निकाल वाईट आला की मागे फिरतो. चांगला आला म्हणून मात्र आधी टाळायचं ठरवलेला उतार चढत नाही, कारण एका खड्ड्यातून त्या खड्ड्याचीच माहिती मिळते, वीस मीटर पलीकडची नाही.

मग विसंबायचं कशावर? जमिनीच्या आकारावर. बर्फाविषयीचा अंदाज चुकू शकतो, उताराचा कोन मात्र मोजता येतो आणि तो रातोरात फारसा बदलत नाही. स्लॅबची स्खलनं बहुतांश तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारांवर सुटतात. नेमके हेच उतार चालायला शक्य आणि मोहात पाडणारे वाटतात. नजरेने कोन मोजू नका, हमखास चुकतो. मोबाइलमधलं कोनमापक चालतं, आणि ते नसेल तर सारख्या लांबीच्या दोन ट्रेकिंगच्या काठ्या पुरतात. एक काठी उताराच्या दिशेने बर्फावर दाबून तिची खूण उमटवा. तिचं वरचं टोक जागेवर ठेवून खालचं टोक हवेत उचला. त्या उचललेल्या टोकापासून दुसरी काठी सरळ खाली, ओळंब्यात सोडा. दुसरीचं खालचं टोक बर्फाला टेकेल इतकी पहिली वर-खाली करा. ते टोक बरोबर खुणेच्या खालच्या टोकावर टेकलं तर उतार तीस अंशांचा. खुणेच्या खाली टेकलं तर तीसपेक्षा जास्त, दर दहा सेंटिमीटरला साधारण तीन अंश. खुणेच्या वरच टेकलं तर कमी. हे अर्थातच छोट्या, सुरक्षित जागी करायचं, संशयित उताराच्या मधोमध नाही.

कोनाइतकंच महत्त्वाचं म्हणजे वर काय आहे आणि खाली काय आहे. तुम्ही वीस अंशांच्या सोप्या उतारावर असाल, पण डोक्यावर अडतीस अंशांचा भरलेला उतार असेल, तर तुम्ही त्याच्या वाटेत उभे आहात. आणि खाली अरुंद घळ, कडा, खडकांचा पसारा किंवा ओढ्याचं पात्र असेल, तर छोटंसं स्खलनसुद्धा पुरतं. उघड्या मैदानावर जो बर्फ पसरून गुडघाभर राहील, तोच घळीत साचून माणसाला दोन मीटर खोल गाडतो.

आता एकेक करून जाण्याबद्दल. जायचंच असेल तर एकेकानेच जावं, यात शंका नाही. त्याने एकाच वेळी चौघे सापडत नाहीत आणि बाकीचे तिघे शोधायला मोकळे राहतात. पण जो उतारावर आहे त्याचा धोका त्याने कमी होत नाही. चौघांनाही तोच धोका आळीपाळीने घ्यावा लागतो. थांबणारे कुठे थांबतात तेही पाहा. बरेच गट उताराच्या थेट खाली घोळका करून उभे राहतात, आणि वरून आलं की सगळेच सापडतात. थांबायचं ते उताराच्या रेषेबाहेर, एखाद्या ठळक उंचवट्यावर, जाणारा सतत नजरेसमोर राहील असं. काठ्यांचे पट्टे मनगटातून काढायचे. मधोमध आडवं कापण्यापेक्षा कडेच्या सोंडेवरून सरळ वर जाता येतंय का ते पाहायचं, पण छज्जाखालून नाही.

प्रत्येकाच्या अंगावर ट्रान्सीव्हर, म्हणजे गाडल्या गेलेल्याचा माग काढणारं रेडिओ यंत्र, चालू, आणि पाठीवर प्रोब, म्हणजे बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी, व फावडं. तिन्ही हवेत, एकही कमी असेल तर बाकीचे दोन जवळपास निरुपयोगी. सगळे ट्रान्सीव्हर ४५७ किलोहर्ट्झवर चालतात, त्यामुळे कंपनी वेगळी असली तरी चालतं. मोबाइल त्यापासून किमान वीस सेंटिमीटर दूर ठेवा, शोधताना पन्नास. पूर्ण गाडल्या गेलेल्यांपैकी पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेल्यांतले दहापैकी सुमारे नऊ वाचतात. अर्ध्या तासानंतर तेच दहापैकी तीनच्या आसपास येतं. बाहेरची मदत दहा मिनिटांत पोहोचत नाही. म्हणजे वाचवणार ते सोबतचे तिघेच, आणि त्यांनी आधी हात बसवलेला असेल तरच.

त्या भागासाठी हिमस्खलनाचं अधिकृत अनुमान निघत असेल तर निघण्याआधी रोज वाचा. धोक्याची श्रेणी एक ते पाच असते, आणि तीन म्हणजे मध्यम असं समजून लोक निघतात. मृत्यूंचा फार मोठा वाटा याच तीनच्या दिवसांवर पडतो, कारण चार-पाचला लोक घरी बसतात. आकड्यापेक्षा मजकूर वाचा: कोणत्या दिशेचे, किती उंचीवरचे उतार, आणि वर सांगितलेल्यांपैकी कोणता धोका. अनुमान निघतच नसेल तर हात आणखी राखून ठेवा.

तुमच्याबाबतीत सांगायचं तर, खिंडीखालचा उतार तीस अंशांच्या आत असेल, वर काही लटकत नसेल, आणि वाटेत वुम्फ, भेगा किंवा शेजारच्या तशाच उतारावर ताजं स्खलन यांपैकी काहीही दिसलं नाही, तर चौथ्या दिवशी मी गट घेऊन गेलो असतो. तो उतार पस्तीस अंशांचा असेल, आडोशाच्या बाजूचा असेल आणि खाली घळ असेल, तर बर्फ पडून कितीही दिवस झालेले असोत, हिवाळाभर मी दुसरी वाट शोधली असती. दोन्हींच्या मधलं काही असेल तर निर्णय चौघांनी मिळून आदल्या रात्री घ्या, आणि चौघांपैकी एकजण जरी 'नको' म्हणाला तरी जायचं नाही, असं आधीच ठरवून ठेवा. उताराच्या तोंडाशी, थंडीत कुडकुडत, खिंड डोळ्यांसमोर असताना नको म्हणायला फार जड जातं. आणि त्याच दिवशी परतायचं आहे, म्हणजे सकाळी सावलीत ओलांडलेला तोच उतार दुपारी उन्हात लागेल का ते नकाशावर पाहून घ्या. लागत असेल तर परतीची वेळ त्यावरून ठरवा, आणि ती गाठता येत नसेल तर पलीकडे मुक्कामाची तयारी करूनच निघा.